पाणाड्याचा नारळ आणि ओहमचा नियम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २९ जुलै २०२० रोजी मंजुरी मिळाली, तेव्हापासून पुण्यात शिक्षणाबद्दल बोलणारी चार माणसे एकत्र आली की एक वाद हमखास निघतो. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे, २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांचा व्यवसाय शिक्षणाशी परिचय व्हावा, असे त्या धोरणात म्हटले आहे. यावर एक बाजू म्हणते, छान झाले, पदव्यांची भेंडोळी घेऊन फिरणाऱ्या बेकारांपेक्षा हाताला काम असलेला कारागीर बरा. दुसरी बाजू म्हणते, यात नवे काय आहे, ज्यांच्या हातून वाकस आणि खुरपे मोठ्या कष्टाने सुटले त्यांच्याच मुलांच्या हाती ते पुन्हा देण्याचा हा डाव आहे. मध्यंतरी अशाच एका चर्चेत एक निवृत्त गृहस्थ पोटतिडकीने सांगत होते की सगळ्यांनीच इंजिनिअर होऊन कसे चालेल, कुणीतरी प्लंबर व्हायलाच हवे. चर्चा संपल्यावर चहा घेताना कळले की त्यांचा नातू आठवीपासून जेईईच्या क्लासला जातो. ते ‘कुणीतरी’ कुणाच्या घरातले असावे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या पायावर चालला आहे, असे माझे मत आहे. हाताने काम करत शिकणे म्हणजे पोट भरण्याची विद्या, हे एका बाजूने आनंदाने गृहीत धरले आहे आणि दुसऱ्या बाजूने संतापाने. मुळात हातकाम ही समजून घेण्याची रीत आहे, ती गरिबाच्या मुलाला जितकी लागते तितकीच कोथरूडच्या डॉक्टरांच्या मुलीलाही लागते, आणि म्हणूनच ती ऐच्छिक विषयांच्या कोपऱ्यात किंवा दहा दिवसांच्या सहलीत न ठेवता प्रत्येक मुलाच्या वेळापत्रकात दर आठवड्याला असायला हवी. यात माझे स्वतःचे असे फार काही नाही. पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावर एका माणसाने वीस वर्षे हेच करून दाखवले, आणि आपण पुणेकरांनी त्याच्याकडे बहुतांशी ‘खेड्यातले चांगले काम’ म्हणून पाहिले.

शिरूर तालुक्यातले पाबळ हे गाव पुणेकरांना ठाऊक असते ते मस्तानीच्या कबरीमुळे. पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा हा भाग. १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग तिथे जाऊन राहिले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातली डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतली नोकरी आणि पुढे हिंदुस्थान लीव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रातले वरिष्ठ पद, एवढे सगळे मागे ठेवून पन्नाशी ओलांडलेला हा माणूस पत्नी मीराताईंसह त्या माळावर आला. ज्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, ती जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची संस्था. कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून ज्या जे. पी. नाईकांनी शालेय शिक्षणात ‘कार्यानुभव’, म्हणजे हाताने करायचे उत्पादक काम, असावा या शिफारशीच्या अहवालाला आकार दिला, त्यांच्याच संस्थेच्या आधाराने त्या शिफारशीचा सर्वांत गंभीर प्रयोग उभा राहावा, याला योगायोग म्हणण्यापेक्षा उशिरा झालेली परतफेड म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कलबागांचे पहिले विद्यार्थी शाळेने टाकलेले होते. नापास झालेले, मध्येच शाळा सोडलेले, ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ असा शेरा मिळालेले. ही मुले मंद नाहीत, ती ज्या रीतीने शिकू शकतात ती रीत शाळेत नाही, हे त्यांचे गृहीतक होते. मूल बोलायला शिकते, चालायला शिकते, सायकल शिकते, ते करून, पडून आणि पुन्हा करून, आणि शाळेच्या दारात मात्र आपण त्याला सांगतो की आता हात बांधून बस आणि ऐक. ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम या विचारातून तयार झाला, आणि त्याच तत्त्वावर पाबळच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय सुरू झाला, जो पुढे राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या कित्येक शाळांपर्यंत गेला. आठवड्यातला एक दिवस, आणि चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाने चारही विभागांत काम करायचे. शिकवायला गावातलेच कारागीर. आणि मुलांनी जे करायचे ते गावाला उपयोगी पडणारे, ज्याच्या साहित्याचा खर्च गाव देईल असे.

या शेवटच्या अटीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद तिथे आहे. आश्रमाच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या कामांपैकी मला सर्वांत बोलके वाटते ते भूजल शोधण्याचे काम. आपल्याकडे विहीर किंवा बोअर घ्यायचे म्हटले की शेतकरी पाणाड्याला बोलावतो. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतातून चालतो, आणि जिथे नारळ उभा राहतो तिथे पाणी. पाबळच्या मुलांनी त्याच शेतात चार खुंट्या सारख्या अंतरावर एका रेषेत ठोकल्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत विद्युतधारा सोडायची, आतल्या दोन खुंट्यांमधले विभवांतर मोजायचे, ओहमच्या नियमाने भागाकार करून रोध काढायचा आणि अंतरावरून रोधकता, म्हणजे तिथला थर विजेला किती अडवतो ते. खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले की धारा अधिक खोल उतरते, त्यामुळे प्रत्येक मोजणीगणिक आणखी खालच्या थराची खबर मिळते. आपला दख्खनचा काळा कातळ अखंड असेल तर रोधकता भरपूर असते, तो फुटलेला, झिजलेला आणि पाणी धरून असेल तर ती उतरते. आलेखावर हा उतार कुठे आला ते पाहायचे आणि शेतकऱ्याला सांगायचे, इथे घ्या, किंवा इथे मुळीच घेऊ नका.

आता हे पाहा की शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम आणि हा ओहमचा नियम यांत फरक काय पडला. सूत्र तेच आहे. पण पुस्तकात ‘२ अँपिअर’ आणि ‘१२ व्होल्ट’ हे आकडे कुणीतरी आधीच मोजून ठेवलेले असतात, उत्तर शेवटच्या पानावर असते, आणि ते चुकले तर एक गुण जातो. शेतात आकडा आपण मोजायचा असतो, मापक नीट लावला की नाही ही शंका आपल्याला छळते, खुंटीजवळची माती कोरडी असली तर मोजणी बिघडते हे पहिल्यांदा तिथे कळते, आणि उत्तर चुकले तर समोरच्या माणसाचे कर्ज बुडते. या पद्धतीनेही अंदाज चुकतात, भूगर्भ काही आज्ञाधारक नाही. पण नारळ चुकला तर का चुकला हे कुणालाच सांगता येत नाही, आलेख चुकला तर तो उघडून बघता येतो. विज्ञान म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली व्याख्या मी वर्गात ऐकलेली नाही. आणि ही व्याख्या ज्याला समजली ते पोर दहावी नापास होते, या गोष्टीची आपल्याला थोडी तरी लाज वाटायला हवी.

आता विरोधी बाजूचे जे सर्वांत बळकट म्हणणे आहे ते घेऊ. ते जातीचे आहे, आणि ते मनगढंत नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी, म्हणजे राजाजींनी, प्राथमिक शिक्षणाची एक सुधारित योजना आणली. शाळा फक्त तीन तास, उरलेल्या वेळात मुलाने घरी राहून बापाचा धंदा शिकायचा. सरकारचे कारण हिशेबी होते, तेवढ्याच शिक्षकांत दोन पाळ्या करून दुप्पट मुले शाळेत बसवता येतील. पण पेरियार आणि द्रमुक यांनी या योजनेला ‘कुलकल्वी’ म्हणजे कुळाचे शिक्षण असे नाव दिले, आणि ते नाव तिला असे चिकटले की १९५४ मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि कामराजांनी योजना गुंडाळली. विरोध करणारे चुकले होते का? मुळीच नाही. चांभाराच्या पोराने दुपारी चांभारकीच शिकायची आणि वकिलाच्या पोराने दुपारी बापाच्या कचेरीत बसायचे, अशी ती व्यवस्था होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच बजावले होते की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ज्या समाजात काम जन्माबरोबर चिकटते त्या समाजात ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द उच्चारणाऱ्याच्या हेतूची झडती घेतली गेलीच पाहिजे, आणि ती घेणाऱ्यांना ‘नकारात्मक’ म्हणून झटकून टाकणे हा बौद्धिक आळस आहे.

परंतु झडती घेतल्यावर काय सापडते, तेही प्रामाणिकपणे पाहायला हवे. मद्रासच्या योजनेत काम शाळेबाहेर होते, पाबळला ते शाळेच्या आत आणि विज्ञानाच्या तासाला बांधलेले आहे. तिथे कामाची निवड कुळाने केली, इथे निवडीला वावच नाही, कारण चारही विभाग सर्वांना सक्तीचे. जातिव्यवस्थेचा प्राण एका माणसाला एकच काम, तेही वारशाने, या नियमात आहे. एकाच मुलीने सोमवारी वेल्डिंगची ठिणगी पाडायची, पुढच्या महिन्यात कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब ठेवायचा आणि त्यानंतर गावातल्या बायकांचे हिमोग्लोबिन तपासायचे, आणि तिच्या शेजारच्या पाटलाच्या मुलाने स्वयंपाकघरात उभे राहून पदार्थांचे पोषणमूल्य काढायचे, हे त्या नियमाला दिलेले उघड आव्हान आहे. बहुकौशल्याच्या या आग्रहाकडे अनेकजण ‘धड एकही कौशल्य येत नाही’ असे म्हणून नाक मुरडतात. कारागीर घडवायचा असता तर ते खरेही ठरले असते. पण इथे कारागीर घडवायचा नव्हताच.

आणि या प्रश्नावर पुण्याला स्वतःचा एक जुना पुरावा आहे, जो दोन्ही बाजू विसरतात. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला याच शहरातून निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, वरच्या वर्गांच्या शिक्षणावर पैसा उधळून बहुजनांना कोरडे ठेवू नका, ही त्यातली मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात त्यांनी ग्रामीण शाळेत काय शिकवावे हेही सांगितले आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, आणि त्याचबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीत डांबून ठेवावे म्हणून जोतीराव हे लिहीत होते, असे म्हणण्याची हिंमत कोण करील? त्यांचा मुद्दा उलटा होता. ज्ञान भटशाहीच्या पोथीतून सुटले पाहिजे आणि जगण्याला भिडले पाहिजे, तरच ते शूद्रातिशूद्रांच्या कामाचे. पोथी जाऊन पाठ्यपुस्तक आले, पण पाठ करण्याची वृत्ती तीच राहिली, आणि ज्यांच्या घरात पाठांतराची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची होती त्यांना ती मानवली. तेव्हा हातकामाविना शाळा ही जातिनिरपेक्ष आहे, या समजालाही एकदा झडतीतून जाऊ द्यावे. केवळ शब्दांवर चालणारी परीक्षा कुणाच्या घरातल्या मुलांना आधीपासूनच सोपी असते?

दुसरा आक्षेप आर्थिक आहे आणि तो गांधीजींच्या तोंडावर घेतला गेला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत नयी तालीमची, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षणाच्या कल्पनेची, मांडणी झाली, तेव्हा मुलांच्या कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेला के. टी. शहा यांनी विरोध केला. मुलांच्या श्रमावर शाळा चालली तर शाळा कारखाना होईल आणि गुरुजी मुकादम, ही भीती रास्त होती. या एका मुद्द्यावर मी गांधीजींच्या बाजूचा नाही. शाळा चालवणे हे समाजाचे देणे आहे, ते दहा वर्षांच्या मुलाच्या टकळीवर लादता येत नाही. कलबागांच्या व्यवस्थेत पैसा येतो, पण वेगळ्या कामासाठी येतो. गावातल्या एखाद्या घराला फेरोसिमेंटची टाकी हवी आहे, तर सिमेंट, जाळी आणि वाळू यांचे पैसे ते घर देते. मास्तरचा पगार त्यातून निघत नाही, निघावा अशी अपेक्षाही नाही. मग ते पैसे कशाला? कारण टाकी विकत घेणारा माणूस ती गळली तर बोलायला येतो. मुलाच्या कामाला इतका कडक आणि इतका निःपक्षपाती परीक्षक शिक्षण मंडळ कधीही नेमू शकणार नाही. शिवाय टाकीचे अंदाजपत्रक आधी द्यावे लागते, म्हणजे वृत्तचितीचे घनफळ काढावेच लागते, आणि ते चुकले तर सिमेंटची गोणी कमी पडते.

या बाजूने इतके लिहिल्यावर कार्यानुभवाच्या फजितीबद्दल गप्प बसणे लबाडी होईल. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये ती कल्पना मांडली, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले, आणि शाळांनी त्याचे काय केले ते माझ्या पिढीने स्वतः भोगले आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिथे कार्यानुभवाच्या तासाला आम्ही खडूची पूड रंगवून शुभेच्छापत्रे केली, एका वर्षी कागदी पाकिटे केली, आणि ती पाकिटे पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवण्यात आली. सहामाही जवळ आली की तो तास गणिताच्या सरांकडे जाई. सगळ्यांना ‘अ’ श्रेणी मिळे. त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात बारीक मापे घेण्याचा एक व्हर्निअर कॅलिपर होता. तीन वर्षे आम्ही त्याची आकृती काढली, भागांना नावे दिली, लघुतम माप तोंडपाठ केले आणि दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडलो, तेव्हा आमच्यापैकी कुणीही तो हातात धरलेला नव्हता. पुढे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आयटीआय झालेल्या एका पोराने मला तो कसा वाचायचा ते शिकवले, आणि ‘साहेब, तुमचं शिक्षण किती?’ असे अगदी निरागसपणे विचारले.

मग नव्या धोरणातले दप्तराविना दहा दिवस शुभेच्छापत्रांच्याच वाटेने जाणार नाहीत कशावरून? जाणार, आणि काही शाळांत ते गेलेही आहेत. दूधडेअरीची सहल, कुंभाराच्या चाकापुढे काढलेला फोटो, पालकांच्या ग्रुपवर तो फोटो, संपला विषय. पण या पराभवातून ‘हातकाम शाळेत चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट नजरेआड करतात. कार्यानुभवात काम खोटे होते. पाकीट कुणाला नको होते, त्यामुळे ते चांगले झाले काय आणि वाईट झाले काय, फरक पडत नव्हता, आणि त्यातून कोणताही प्रश्न उभा राहत नव्हता. पाबळच्या आवारात जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर जुळवला गेला, लातूरच्या १९९३ च्या भूकंपानंतर त्रिकोणी चौकटींचे भूकंपाला तोंड देऊ शकणारे घुमट उभारण्याच्या कामात तिथले तंत्र वापरले गेले, आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने अमेरिकेबाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा, सुरू केल्या त्यांपैकी एक तिथे आली. एमआयटीला पाबळ का सापडले? तिथे यंत्रे होती म्हणून नव्हे, यंत्र हाती आल्यावर त्याच्याकडून काय करून घ्यायचे याचे प्रश्न तिथल्या मुलांकडे तयार होते म्हणून, असे मला वाटते.

अमूर्त विचाराचा आक्षेप मला व्यक्तिशः अधिक अडचणीचा वाटतो. बीजगणित, इतिहास, कविता हे काही हातोडीने शिकता येत नाही. सर्व काही करून शिकायचे असा हट्ट धरला, तर जे करता येते तेवढेच शिकवले जाईल आणि ज्ञानाचा सर्वांत उंच मजला ग्रामीण मुलांसाठी कायमचा बंद होईल. हे मान्य. पण हातकामाचा खरा पुरस्कर्ता असा हट्ट धरतच नाही. कलबाग स्वतः संशोधक होते, आठवड्याचा एक दिवस ते मागत होते, पाच नव्हे. आणि त्या एका दिवसातही काम झाल्यावर आकृती काढणे, मोजमाप लिहिणे, खर्चाचा ताळेबंद मांडणे, हे काम करण्याइतकेच बंधनकारक होते. जिथे कामानंतर ‘असे का झाले’ हा प्रश्न येत नाही तिथे उरते ती मजुरी, याबद्दल माझा विरोधकांशी काही वाद नाही. उलट मी असे म्हणेन की अमूर्ताकडे जाणारी शिडी जमिनीवर टेकलेली असावी लागते. घुमटाच्या चौकटीत पंचकोन आणि षट्कोन का येतात हे ज्याने सळ्या कापताना पाहिले, त्याला बहुपृष्ठकांची भूमिती पुढे कधीतरी भेटली तर ती ओळखीची वाटेल. ज्याने काहीच कापले नाही त्याला ती पहिल्या भेटीतच परकी.

राहता राहिले पालक. ‘आमची पोरं घरी तेच करतात, त्यासाठी शाळा कशाला?’ असे शेतकरी आईबाप विचारतात, आणि त्यांना अडाणी ठरवून उपदेश करायला जाणाऱ्या शहरी कार्यकर्त्यांची मला चीड येते. शाळा ही त्यांच्यासाठी चिखलातून बाहेर पडण्याची एकमेव पायवाट आहे, आणि तीच पायवाट पुन्हा गोठ्याकडे वळताना दिसली तर ते धास्तावणारच. याचे उत्तर भाषणाने देता येत नाही, ते फक्त एकाच रीतीने देता येते. गोठ्यातली मुलगी गाईला पाणी पाजते, धार काढते, तिला सगळे येते. शाळेत ती पहिल्यांदा चाऱ्याचे वजन आणि दुधाचे वजन एकाच वहीत महिनाभर लिहिते, आणि घरी जाऊन वडिलांना सांगते की ही गाय तोट्यात आहे. घरच्या कामाला मोजमाप आणि कारण जोडण्याचे हे काम घर करू शकत नाही. ते शाळेचेच आहे. आणि त्या आईबापांचा खरा संशय वेगळाच असतो, तो शब्दांत क्वचित येतो: हे फक्त आमच्याच पोरांना का?

म्हणूनच हा विषय खेड्यातल्या शाळांपुरता ठेवणे मला सर्वांत घातक वाटते. पाबळचा प्रयोग नावाजला गेला, केंद्राच्या व्यवसाय शिक्षण योजनेतला ‘मल्टी स्किल’ हा विषय त्याच चार विभागांचे वळण घेऊन राज्यातल्या शाळांत आला, पण तो ज्या शाळांत आला त्या बहुतेक सरकारी किंवा अनुदानित. शहरातल्या महागड्या शाळांनी ‘रोबोटिक्स लॅब’ घेतली, ज्यात तयार डब्यातले तयार भाग तयार चित्राप्रमाणे जोडायचे असतात. तिला आपण शुभेच्छापत्राची श्रीमंत बहीण म्हणू. ज्या दिवशी प्रभात रस्त्यावरच्या मुलाला नळाचा वॉशर बदलता येईल आणि तो का झिजला हेही सांगता येईल, त्या दिवशी शिरूरच्या पालकाचा संशय निम्मा उतरेल, त्याआधी कितीही समित्या नेमल्या तरी उतरणार नाही. या शहराला हे अवघड का जावे? ज्या सीओईपी या आताच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या प्रवेशासाठी आज राज्यभरातली सर्वाधिक गुणांची मुले धडपडतात, ते १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने सार्वजनिक बांधकामाच्या दुय्यम कर्मचाऱ्यांना तयार करण्यासाठी सुरू झाले होते. दुय्यमांचे शिक्षण अव्वल कधी होते? अव्वल घरांतली मुले त्यात शिरली की होते. शिक्षणाच्या इतिहासात प्रतिष्ठा अशीच सरकलेली आहे, आणि हे वाक्य कितीही अप्रिय असले तरी खरे आहे.

व्यवहाराच्या अडचणी आहेत, त्या मी लपवत नाही. कारागिराला शिक्षक म्हणून नेमायचे तर बी.एड.ची अट आड येते, पण संगीत शिक्षकाला नेमताना आपण गाता येते का ते पाहतोच की. वेल्डिंगच्या ठिणग्यांची आणि करवतीची भीती पालकांना वाटते, ती वाटायलाच हवी, म्हणून चष्मे, हातमोजे आणि एका कारागिरामागे मोजकीच मुले, हा खर्च करावाच लागेल. सर्वांत कठीण अडचण वेळेची आहे. दहावीच्या वर्षात आठवड्याचा एक दिवस द्यायचा म्हटले की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या येतात, आणि त्या आठ्यांमागे निकालाच्या टक्केवारीचे दडपण असते. हे दडपण भाषणांनी हटत नाही, गुणांनी हटते. ओहमच्या नियमावरचा प्रश्न परीक्षेत विचारायचाच असेल, तर मुलाच्या हाती एक बॅटरी, दोन तारा, मापक आणि अनोळखी रोध देऊन ‘मोज आणि सांग’ असा विचारावा, आणि तो मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाला विचारावा तसाच डेक्कनच्या इंग्रजी शाळेतल्या मुलीलाही. त्या परीक्षेचा पहिला निकाल लागेल तेव्हा गुणवत्ता यादीत कुठल्या तालुक्यांची नावे वर येतात, ते पाहायला मी उत्सुक आहे.

डॉ. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू आहे. वाघोलीवरून शिक्रापूर आणि तिथून आत वळले की पाबळ लागते, आणि आवारातले घुमट लांबूनच दिसतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटकापाशी एक मुलगी पाण्याच्या टाकीचा पाइप खोलून बसली होती. मुख्य इमारत कुठे आहे असे मी विचारले, तेव्हा तिने मान वर न करता आधी मलाच एक पाना धरायला सांगितला.